एकाच संगणकाला दोन दुखणी? अचानक बंद पडणे आणि निळा पडदा

अक्षरजुळणी, ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार. मी कर्वेनगरला राहते आणि घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी व पानांची मांडणी करते. गेले दोन महिने माझा संगणक दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बंद पडतो आहे. दुरुस्तीच्या एका दुकानात दोनदा नेऊनही उलगडा झाला नाही, म्हणून सगळे सविस्तर मांडते.

पहिली तऱ्हा अशी, की काम चालू असताना पडदा एकदम काळा होतो आणि दोन-तीन सेकंदांत मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसू लागते. कसलीही सूचना येत नाही. कोणीतरी रीसेटचे बटण दाबावे तसे होते. दुसरी तऱ्हा म्हणजे निळा पडदा. त्यावर बहुतेक वेळा ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्द असतात, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असे होते. याशिवाय पुस्तकाची एक फाईल आता उघडतच नाही, ती खराब झाल्याचा संदेश येतो.

संगणक २०२० साली जोडून घेतला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा), ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क आणि प्रती ठेवण्यासाठी १ टीबीची साधी हार्ड डिस्क. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. एक पहिल्यापासूनची, दुसरी २०२२ साली तपकीर गल्लीतून आणून बसवलेली. कंपन्या वेगळ्या आहेत, वेग दोन्हींवर ३२०० छापलेला आहे. ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

दुकानात दोन्ही वेळा विंडोज नव्याने टाकून दिले. तिथे चार-चार दिवस संगणक चालू ठेवला होता आणि एकदाही बंद पडला नाही, असे त्यांनी सांगितले. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. दिवाळी अंकांचे काम जूनपासून सुरू होईल, त्याआधी हे मार्गी लागणे माझ्यासाठी फार गरजेचे आहे. नवा संगणक घेण्याइतके पैसे आत्ता हाताशी नाहीत.

पाषाणटेकडी, ४ मे, रात्री १०:५५

ताई, तुम्ही दोन तऱ्हा वेगळ्या करून सांगितल्यात हे फार बरे केलेत. बहुतेक जण ‘संगणक बंद पडतो’ एवढेच लिहितात. मी एका कार्यालयात सर्व्हर सांभाळतो, तिथल्या अनुभवावरून सांगतो की या दोन तऱ्हांचे मूळ एकच असेल असे आत्ताच धरून चालू नये.

निळा पडदा येतो तेव्हा विंडोजला निदान काहीतरी बिघडल्याचे कळलेले असते. ती स्वतःहून थांबते, कारणाचा क्रमांक लिहून ठेवते आणि जमल्यास मेमरीची छोटी नोंद विंडोजच्या फोल्डरमधल्या मिनीडंप या उपफोल्डरमध्ये टाकते. पडदा एकदम काळा होऊन संगणक परत सुरू होतो तेव्हा विंडोजला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी संशय सहसा वीजपुरवठा, मदरबोर्ड किंवा तापमान यांच्याकडे जातो.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्जखाली सिस्टिम पाहा आणि ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद शोधा. ही नोंद पाहून अनेकांना वाटते की दोषाचे नावच सापडले. तसे नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते, आणि तेही पुढच्या वेळी सुरू झाल्यावर. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ नावाची ओळ असते. तिथे शून्य असेल तर निळ्या पडद्याची नोंद झालेली नाही, शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर झालेली आहे. ‘व्हीआ-लॉगर’ नावाची नोंद दिसली तर तीही कळवा, कारण प्रोसेसरने स्वतः पकडलेल्या चुका तिथे उतरतात.

दोन गोष्टी आजच करा. सिस्टिमच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘आपोआप रीस्टार्ट’ बंद करा, म्हणजे निळा पडदा आपण वाचेपर्यंत थांबेल. आणि एक वही घेऊन प्रत्येक वेळेची नोंद ठेवा: तारीख, घड्याळातली वेळ, काय काम चालू होते, कोणती तऱ्हा.

सर्वांत महत्त्वाचे आता लिहितो. रॅमबद्दल शंका असताना जुन्या चांगल्या प्रतींवर नव्या प्रती लिहू नका. फाईल एका डिस्कवरून दुसरीकडे जाताना रॅममधूनच जाते. रॅम सदोष असेल तर तुम्ही काळजीपोटी घेतलेली नवी प्रतच बिघडलेली असू शकते आणि ती चांगल्या प्रतीला पुसून टाकते. हार्ड डिस्कवर आज जे आहे ते आहे तसे राहू द्या, तिची केबल काढूनच ठेवा.

वारजे_रात्रपाळी, ५ मे, सकाळी ८:१०

माझ्या मते हे गरम होण्यामुळे असावे. मे महिना आहे, दुपारी खोलीतच ३८-३९ अंश असतात. माझाही संगणक खेळ चालू असताना काळा पडतो आणि ग्राफिक्स कार्डचे पंखे जोरात फिरू लागतात.

अक्षरजुळणी, १३ मे, रात्री ९:०५

नऊ दिवस वही ठेवली. उशिराबद्दल क्षमस्व, पण हाती काहीतरी घेऊनच परत यावे असे वाटले.

तापमानाचे आधी सांगते. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून पाहिले. पानांची पीडीएफ तयार होताना प्रोसेसर ७८ अंशांपर्यंत जातो, एरवी ४५ ते ५५ च्या दरम्यान असतो. पंखा आणि जाळी ब्लोअरने साफ केली, बरीच धूळ निघाली, पण बंद पडणे थांबले नाही.

नऊ दिवसांत एकूण आठ वेळा बंद पडला. त्यांपैकी पाच वेळा काळा पडदा. या पाचही वेळी ४१ क्रमांकाच्या नोंदीत बगचेककोड शून्य आहे. तीन वेळा निळा पडदा, तेव्हा तिथे २६ हा आकडा आहे. व्हीआ-लॉगरची एकही नोंद सापडली नाही.

वहीतल्या वेळा पाहताना मला एक गोष्ट दिसली. काळा पडदा सकाळी ६:३५, ६:४०, ६:३५ आणि संध्याकाळी ५:३०, ५:३५ ला झाला आहे. निळ्या पडद्याच्या वेळांना असा काही धरबंध नाही: एक दुपारी, दोन रात्री उशिरा, तिन्ही मोठी फाईल उघडलेली असताना. दर गुरुवारी आमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात, म्हणून त्या दिवशी मी संगणक लावतच नाही. आठवड्याच्या इतर दिवसांत मात्र ठरावीक वार असा कोणताच नाही.

सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेपाच या आमच्या इमारतीत खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवण्याच्या वेळा आहेत. मोटार सुरू होते तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा किंचित मंद होऊन पूर्ववत होतो. याचा संबंध असू शकेल का? यूपीएस असताना असे व्हायला नको, असे मला वाटते.

पाषाणटेकडी, १३ मे, रात्री ९:३०

२६ म्हणजे सोळाच्या पायावरील आकड्यांत १ए, तेच ‘मेमरी मॅनेजमेंट’. म्हणजे दोन दुखणी असण्याची शक्यता बळावली. वारजेकर मित्रांना थोडक्यात सांगतो, की ३६०० या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे ७८ वर चिंता नाही. तुमचे लक्षण वेगळे आहे. ग्राफिक्स कार्डला वीज देणाऱ्या तारा नीट बसल्या आहेत का आणि एकाच तारेच्या दोन फाट्यांवर सगळा भार टाकला आहे का, ते पाहा आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, म्हणजे इथले सूत्र तुटणार नाही. मोटारीबद्दल भोसरीच्या काकांनी लिहावे.

भोसरी_देखभाल, १४ मे, सकाळी ७:२०

मी ३१ वर्षे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत देखभाल विभागात काढली आहेत. ताईंची वही पाहून मनापासून आनंद झाला.

इंडक्शन मोटार थेट सुरू केली की पहिल्या क्षणी ती तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण पाच ते सात पट प्रवाह खेचते. इमारतीची वायर लांब किंवा बारीक असेल, एखादा जोड सैल असेल, तर त्या क्षणी सर्वांचा दाब खाली बसतो. तुमचा दिवा मंद होतो तो त्यामुळे. यूपीएसला हा खालावलेला दाब जाणवतो आणि तो ‘कट्’ असा आवाज करून बॅटरीवर जातो. मात्र घरगुती यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंद काहीच वीज देत नाही. तेवढी फट भरून काढणे हे संगणकाच्या एसएमपीएसचे काम असते.

एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो ३०० व्होल्टांहून जास्त दाबाला भरलेला राहतो. बाहेरची वीज क्षणभर गेली तर यंत्र या साठ्यावर तग धरते. चांगला नवा एसएमपीएस पूर्ण भाराला साधारण १६-१७ मिलिसेकंद टिकावा, असा संकेत आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे मुळातच ही मुदत एका आवर्तनाहून कमी. हा कपॅसिटर वर्षानुवर्षे उष्णतेत राहून आतून सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे. सहा उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसची टिकण्याची मुदत निम्म्यावर आली असेल तर नवल नाही.

साठा संपत आला की एसएमपीएस मदरबोर्डकडे जाणारा ‘पॉवर गुड’ हा संकेत काढून घेतो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी सगळे रीसेट करतो. विंडोजला अक्षरही लिहिता येत नाही. तुमच्या नोंदीतले शून्य त्यामुळेच आले असावे. आणि दुकानात संगणक चार दिवस बिनबोभाट का चालला, तेही यातून उलगडते: तिथे ती मोटार नव्हती.

आता प्रश्न असा, की कमी कोण पडतो आहे, यूपीएस की एसएमपीएस? त्यासाठी दोन चाचण्या करा. पहिली: यूपीएसला संगणकाऐवजी जुना १०० वॅटचा पिवळा दिवा लावा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग उपटू नका, बटणच बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहील. दिवा पाच मिनिटे नीट जळत राहिला तर बॅटरीत दम आहे. दुसरी: संगणक यूपीएसवर लावा, पण विंडोज सुरू न करता बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या पानावर थांबा. तिथे डिस्कवर काही लिहिले जात नसते, त्यामुळे फाईलींना धोका नाही. मग भिंतीवरचे बटण पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून, बंद-चालू करा आणि काय होते ते लिहा.

शनिवारपेठ_दुरुस्ती, १४ मे, दुपारी १:४५

मी दुरुस्तीच्या कामातला आहे. काकांचे म्हणणे पटते, तरी यूपीएसच्या बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये. १२ व्होल्ट ७ एएचची ती छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे दिव्याची चाचणी आधी करणेच योग्य.

एसएमपीएस तपासण्यासाठी बहुतेक जण मल्टीमीटर लावतात. १२ व्होल्टची तार ११.४० ते १२.६० च्या आत असावी आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत, हे बरोबर आहे. पण मल्टीमीटर सावकाश वाचतो. काही मिलिसेकंदांची पडझड त्याला दिसतच नाही. पूर्वी मीही ११.९ व्होल्ट पाहून ‘एसएमपीएस ठीक आहे’ असे सांगून ग्राहक परत पाठवले आहेत आणि त्यातले काही पुन्हा आले, हे इथे सांगणे मला आवश्यक वाटते. खरी खात्री दुसरा, चांगल्या स्थितीतला एसएमपीएस लावून पाहिल्यानेच होते.

कृपया कोणीही एसएमपीएस उघडू नये. काकांनी सांगितलेला ३०० व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही काही काळ आत राहतो.

अक्षरजुळणी, १७ मे, दुपारी ४:३०

काकांच्या दोन्ही चाचण्या केल्या. आमच्याकडे माळ्यावर १०० वॅटचा जुना दिवा निघाला. भिंतीवरचे बटण बंद केल्यावर यूपीएस कट् वाजला, दिवा एकदा किंचित लवला आणि नंतर आठ मिनिटे एकसारखा जळत राहिला. मग मीच चाचणी थांबवली.

दुसऱ्या चाचणीसाठी बायॉसच्या पानावर थांबून सहा वेळा बटण बंद केले. चार वेळा पडदा काळा होऊन संगणक पहिल्यापासून सुरू झाला, दोन वेळा टिकला. ज्या दोन वेळा टिकला, त्या दोन्ही वेळी यूपीएसचा आवाज मला तसाच ऐकू आला.

शेजारच्या मुलाकडे गेल्या वर्षीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आहे. त्याने तो सुट्टीपुरता द्यायचे कबूल केले आहे.

पाषाणटेकडी, १७ मे, सायंकाळी ६:१५

एक शंका आधीच दूर करून ठेवू. साध्या यूपीएसची बॅटरीवरची वीज खऱ्या साइन लहरीची नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (विजेची ओढ लहरीच्या आकाराशी जुळवून घेणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस तिला दाद देत नाहीत. तसे असेल तर दोष जुनेपणाचा नसून जोडीचा ठरेल. शेजारच्या मुलाचा एसएमपीएस अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा आहे का, ते खोक्यावर पाहून घ्या. तो तसा असूनही त्याच यूपीएसवर टिकला, तर लहरीच्या आकाराचा मुद्दा बाद होतो.

बदल मात्र एवढा एकच करा. रॅमला आत्ता हात लावू नका. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

अक्षरजुळणी, २५ मे, रात्री १०:२०

उसना एसएमपीएस १८ तारखेला बसवला, तो अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचाच आहे. बायॉसच्या पानावर दहा वेळा बटण बंद केले, दहाही वेळा संगणक टिकला. गेल्या आठवड्यात मोटार रोज दोनदा सुरू झाली आणि काळा पडदा एकदाही आला नाही. काका, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

निळा पडदा मात्र याच आठवड्यात दोनदा आला. आणि आज जे दिसले त्याने मी खरोखर घाबरले आहे.

एका लेखकांनी साध्या मजकूर-फाईलच्या रूपात पाठवलेले प्रकरण मी संगणकावर उतरवून घेतले होते. आज मुद्रितशोधन करताना एका वाक्यात ‘तो गाळ आता सरला’ असे आढळले. ईमेलमधली मूळ फाईल मोबाईलवर उघडली, तिथे ‘तो काळ आता सरला’ आहे. या फाईलमध्ये मी अजून एकही अक्षर टंकलेले नव्हते, फक्त एका फोल्डरमधून दुसऱ्यात तिची प्रत घेतली होती. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, एवढ्या एकाच अक्षराचा फरक आहे. असे होऊ शकते का? मी उरलेल्या २१० पानांवर विश्वास कसा ठेवावा?

पाषाणटेकडी, २५ मे, रात्री ११:४०

होऊ शकते. एका अक्षरावरून खात्रीने काही म्हणता येणार नाही, पण हिशोब तंतोतंत जुळतो आहे.

युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘ग’चा २३२७ आहे. फरक दोनचा. हे दोन आकडे शून्य आणि एकच्या भाषेत लिहिले तर त्यांच्यात फक्त एका बिटाचा फरक पडतो, बाकी सगळे बिट सारखेच. फाईल साठवताना वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या रूपातही तसेच आहे. रॅममधला एक बिट शून्याचा एक झाला, की ‘काळ’चा ‘गाळ’ होतो. साध्या मजकूर-फाईलमध्ये असे एखादे अक्षर शांतपणे बदलते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मांडणीच्या फाईली बहुधा आतून दाबून बसवलेल्या असतात. तिथे एक बिट चुकला की तेवढेच अक्षर न बिघडता फाईल उघडणेच बंद होऊ शकते. तुमच्या न उघडणाऱ्या फाईलचे कारण हेच असू शकेल.

घरगुती संगणकाच्या रॅममध्ये अशी चूक पकडण्याची सोय सहसा नसते. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये असते. गूगलच्या सर्व्हरांवरच्या रॅमचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. बहुतांश चुका योगायोगाने एकदाच घडणाऱ्या नसून पट्टीतल्या कायमच्या दोषामुळे होत्या, असाही त्यात निष्कर्ष होता. कायमचा दोष असेल तर तो चाचणीत सापडतो, ही आपल्यासाठी चांगली बातमी आहे.

आजपासून या संगणकावर काम थांबवा. दुसऱ्या संगणकावर मेमटेस्ट८६ चा पेन ड्राइव्ह बनवून घ्या. तो विंडोजच्या बाहेर, स्वतंत्रपणे सुरू होतो, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासता येते. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या पूर्ण होऊ द्या. पहिल्या फेरीत चूक दिसली नाही म्हणून उठू नका. आधी दोन्ही पट्ट्या आत्ता आहेत तशाच तपासा. चुका आल्या तर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर छापलेल्या जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पुन्हा. मग एकेक पट्टी, एकाच खाचेत. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डांवर एकट्या पट्टीची जागा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत असते, तरी पुस्तिका पाहा.

शनिवारपेठ_दुरुस्ती, २६ मे, सकाळी ११:००

पट्टी काढण्यापूर्वी प्लग काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. पट्टी बसवताना दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपटपणा असेल तर आम्ही खोडरबर फिरवतो, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

पाषाणटेकडी, २६ मे, सकाळी ११:३५

खोडरबराने अनेक पट्ट्या चालू झालेल्या मीही पाहिल्या आहेत, पण तो सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड वापरावे, असा माझा आग्रह आहे. शिवाय ताईंनी आधी काहीही न पुसता चाचणी करावी. पुसल्याने दोष तात्पुरता दबला तर शोध अर्धवट राहील.

शनिवारपेठ_दुरुस्ती, २६ मे, दुपारी १२:१०

न पुसता चाचणी करावी, हे मान्य आहे.

अक्षरजुळणी, ३० मे, सकाळी ९:५०

चार रात्री चाचण्या चालल्या. सगळे निकाल वहीत उतरवले आहेत.

पहिल्या रात्री दोन्ही पट्ट्या, एक्सएमपी चालू. पहिल्या फेरीत एकही चूक नाही. मी तिथेच उठले असते, पण तुमची सूचना आठवून झोपायला गेले. सकाळी पडद्यावर ११ चुका होत्या. प्रत्येक चुकीपुढे काय अपेक्षित होते आणि काय मिळाले, ते लिहिलेले असते. अकराही ठिकाणी एकच बिट चुकलेला होता, दर वेळी तोच.

दुसऱ्या रात्री एक्सएमपी बंद केला, वेग २४०० वर आला. तीन चुका. तिसऱ्या रात्री २०२० सालची पट्टी एकटी, एक्सएमपी परत चालू करून. चार फेऱ्या, चुका शून्य. चौथ्या रात्री २०२२ सालची पट्टी त्याच खाचेत. नऊ चुका. सकाळी तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पुन्हा लावली, तर दुसऱ्या फेरीतच चुका सुरू झाल्या. दातांवर काळपटपणा मुळीच नव्हता.

पाषाणटेकडी, ३० मे, सकाळी १०:३०

खाच बदलली तरी दोष पट्टीबरोबर गेला, आणि दुसरी पट्टी पहिल्या खाचेत स्वच्छ निघाली. म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसर निर्दोष असण्याची शक्यता खूप मोठी आहे आणि २०२२ सालची पट्टी सदोष आहे. बिल असेल तर विक्रेत्याकडे जा, रॅमवर बहुतेक कंपन्या बरीच लांब मुदतीची हमी देतात.

वारजे_रात्रपाळी, ३० मे, दुपारी ३:००

एक शंका विचारतो. एक्सएमपी बंद केल्यावर चुका कमी झाल्या, मग तो बंद ठेवून तीच पट्टी वापरली तर चालणार नाही का?

पाषाणटेकडी, ३० मे, दुपारी ३:२५

एक्सएमपी बंद केल्यावर चुका शून्य झाल्या असत्या, तर विचार करता आला असता, कारण तेव्हा पट्टी निर्दोष पण दोन कंपन्यांची जोडी त्या वेगाला न जुळणारी, असेही असू शकले असते. इथे ठरलेल्या मूळ वेगालाही तीन चुका आहेत आणि पट्टी एकटी असतानाही नऊ आहेत. ‘गाळ’ व्हायला एकच पुरते. ती पट्टी परत बसवू नका.

भोसरी_देखभाल, ३० मे, रात्री ८:१५

ताई, एसएमपीएस बदलला तरी इमारतीच्या वायरिंगचा प्रश्न शिल्लक आहे. दिवा मंद होणे म्हणजे कुठेतरी सैल जोड असू शकतो आणि सैल जोड तापतो. परवानाधारक वायरमनकडून मीटरजवळचे जोड आणि अर्थिंग तपासून घ्यायला सोसायटीला सांगा.

अक्षरजुळणी, २१ जून, रात्री ९:३०

तीन आठवडे थांबून लिहिते आहे, म्हणजे घाईने सांगितले असे होणार नाही. नवा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला आणि उसना परत केला. एका ८ जीबीच्या पट्टीवर काम चालू आहे, मोठ्या फाईली थोड्या सावकाश उघडतात. १ जूनपासून आजपर्यंत ना काळा पडदा, ना निळा. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी वीज चार वेळा ये-जा झाली, तेव्हाही यूपीएस वाजत राहिला आणि संगणक चालू राहिला.

सोसायटीने वायरमन बोलावला. मोटारीच्या स्विचजवळचा एक जोड काळा पडलेला निघाला, तो कापून नवा केला. दिवा आता जाणवण्याइतका मंद होत नाही. काका, हे तुमच्यामुळे झाले.

हार्ड डिस्कची केबल पाषाणटेकडींनी सांगितल्या दिवशीच काढली होती, त्यामुळे तिच्यावरची मार्चमधली प्रत जशीच्या तशी होती. न उघडणारी फाईल तिथून परत मिळाली, पण त्यानंतरची १४ पाने नव्याने जुळवावी लागली. मार्च ते मे या काळात संगणकात आलेला सगळा मजकूर मी ईमेलमधल्या मूळ फाईलींशी तुलना करून तपासला. ‘गाळ’खेरीज आणखी एक जागा सापडली. एका कवितेत ‘त’च्या जागी ‘द’ झाला होता, ‘वात’चा ‘वाद’. या दोन अक्षरांच्या क्रमांकांतही फरक दोनचाच आहे.

दुसरी पट्टी हमीसाठी विक्रेत्याकडे दिली आहे, उत्तर यायचे आहे. देताना पाकिटावर खाच, फेरी आणि चुकांचे आकडे लिहून चिकटवले आहेत.